अजून माइल पुरले नाहीत

लेकीच्या गं दारी, बाप उन्हात उभा राही
नातू रांगल्याबिगर, थेंब पाण्याचा घेत नाही

गहू निवडता निवडता पद्माच्या सासूबाई ही ओवी म्हणायच्या. रखमाबाईंचा आवाज तसा जाडाभरडा, पण ‘थेंब’ म्हणताना असा हलके थरथरायचा, की थेंब ओठांशी येऊन मागे फिरला असं वाटावं. त्या जाऊन बरीच वर्षं झाली. पद्माच्या कानांतून ओवी मात्र गेली नाही. आज सकाळीही ती आपसूक ओठांवर आली, आणि पद्माचा आधीच तापलेला जीव आणखी तापला.

समोर तिचे यजमान, विश्वासराव, रिसीव्हर कानाला लावून बसले होते. बँकेची कुणी मुलगी त्यांना होल्डवर ठेवून सतार ऐकवत होती. विमानाच्या त्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी भरायची की कार्ड बंद करायचं, हे आज सांगायचं होतं.

त्या कार्डानं पद्माच्या संसारात सवतीसारखं बस्तान मांडलं होतं. खर्च केला की माइल मिळतात, माइल साठले की विमानाचं तिकीट फुकट, आणि तिकीट मिळालं की दोघांनी लेकीकडे, अवंतीकडे बंगलोरला जायचं. ऐकायला किती गोड! पण त्या माइलांपायी बडोद्यातल्या गोत्रीतला घराजवळचा पंप सोडून विश्वासराव स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला फतेगंजपर्यंत जायचे, कारण तिथं कार्ड चालायचं. जन्मभराचा वाणी सुटला, कारण त्याच्याकडे कार्डाचं मशीन नव्हतं. शेजारच्यांनी फ्रीज घेतला तेव्हा हे त्यांच्यासोबत दुकानात गेले, आपलं कार्ड पुढे केलं, आणि शेजाऱ्यांनी रोख पैसे पिशवीतून आणून दिले. सगळी सोसायटी हसली.

“निघायचं कधी मग?” पद्मानं विचारलं की उत्तर ठरलेलं, “अजून माइल पुरले नाहीत.”

“आगगाडीनं जाऊ.”

“माझा मणका?”

“मग पैसे देऊन विमानानं जाऊ. हल्ली स्वस्त झालंय म्हणतात.”

“कार्ड असताना? वेडी आहेस का?”

दर दिवाळीला अवंतीच यायची. लग्नाला आठ वर्षं झाली, पण आईबापांनी तिचं घर पाहिलं नव्हतं. या खेपेला तिनं फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, “आई, आता मी येणार नाही. तुम्ही या. नाही आलात, तर मला काय समजायचं ते मी समजेन.”



काल संध्याकाळी तिनंच वरच्या मजल्यावरच्या धवलभाईंना चहाला बोलावलं. सयाजीगंजात त्यांचं तिकिटांचं ऑफिस. त्यांनी कार्डाचे कागद चाळले आणि कपाळाला हात लावला. “काका, आटली फीमां तो तमे बे वार जई आव्या होत!” मग पद्माकडे वळून मराठीत म्हणाले, “काकी, एवढ्या फीत दोनदा जाऊन आला असतात! आणि जुने माइल तर वापरले नाहीत म्हणून रद्दसुद्धा झाले. दिवाळीत फुकट सीट मागाल, तर कंपनी देणारच नाही. हे कार्ड रोज उडणाऱ्यांसाठी. काका तर अजून एकदाही उडाले नाहीत!”

आता भडका उडणार म्हणून पद्मानं पदर सावरला. पण विश्वासराव नुसते हसले. “बघू,” म्हणाले, आणि चहात बिस्किट बुडवलं.

तिथंच तिच्या मनात कुसळ शिरलं. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी भांडणारा हा माणूस. दुसऱ्यानं याचा हिशेब चुकलेला दाखवला, तर रात्रभर तळमळणारा. काल मात्र गाढ झोपला. म्हणजे हे कार्ड परवडत नाही, हे याला आधीपासून ठाऊक होतं. मग फी भरून विकत काय घेत होता?

आणि आज ओठांवर ती ओवी आली, तशी पद्माची नजर शोकेसमधल्या फिरकीच्या तांब्यावर गेली. सासऱ्यांचा तांब्या. जुन्या दरबारी घराण्यातला माणूस. लेक, विश्वासरावांची ताई, इंदूरला दिली, तर तिला मूल होईपर्यंत तिच्या घरी घोटभर पाणी प्यायचं नाही, ही घराची रीत. भेटायला जायचे, पण हा तांब्या बडोद्याहून भरून न्यायचे.

पद्माला सगळं लख्ख दिसलं. संतापानं तिचे कान गरम झाले. काय हा माणूस! तोंडानं एक शब्द न काढता विमानकंपनीला पुढे करून बसला!

तेवढ्यात सतार थांबली. विश्वासराव घाईनं म्हणाले, “हां बेटा, फी भर देंगे. कार्ड चालू रखना है, और एक साल...”

पद्मानं फोनचं बटण दाबून तो बंदच केला.

“अगं! किती वेळानं लागला होता!”

“मला खरं सांगा. माइल साठवताय, की वाट बघताय?”

“कसली वाट?”

“नातवाची.”

विश्वासरावांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. न चुकता त्यांची नजर शोकेसकडे गेली.

“तसं नाही गं. मी काही जुनाट नाही. पण बाबा कधी ताईकडे...”

“ताईंना ते जन्मभर लागलं. तुम्हाला नाही बोलल्या, मला बोलल्या. बाप दारी आला आणि माझ्या घरचं पाणी त्याला चाललं नाही, म्हणाल्या.”

“म्हणूनच तर मी जात नाही,” विश्वासराव पुटपुटले. “जाऊन अवंतीचं मन मोडण्यापेक्षा न गेलेलं बरं. एवढी वर्षं थांबलो, आणखी एक वर्ष. देवाच्या मनात असेल तर...”

ही ‘आणखी एक वर्ष’ची माळ पद्माला आता ऐकवेना. ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“अवंतीला मूल होणार नाही. गेल्या दिवाळीत तिनं मला सांगितलं, आत चकल्या तळताना. सगळे उपाय करून दोघं आता थांबलेत. सुखात आहेत. ‘बाबांना सांगू नकोस,’ म्हणाली. ‘बोलणार काहीच नाहीत, पण तांब्याकडे बघतील.’ म्हणून वर्षभर मी जीभ चावून बसले. आता नाही. तुमचं कार्ड तुम्ही ठेवा, नाहीतर कापा. मला माझ्या लेकीच्या घरी जायचंय, आणि तिच्या हातचं पाणी प्यायचंय.”