बर्क यांच्या यादीतली जागा

शनिवारी सकाळी थॉर्नडाइकांकडे नाश्ता चालला होता. तेवढ्यात कॉलेजच्या नौकासंघाचे कोच बर्क यांचा फोन आला. त्यांच्या मुलीने, हॅडलीने, अजून प्रवेशाचा अर्जही भरला नव्हता. तरी स्पीकरवर बर्क हसत म्हणाले, "माझ्या यादीत तुझं नाव आहे, पोरी. फक्त हो म्हण, प्रवेश झालाच समज."

"म्हणते की!" आई मॅरियन मध्येच ओरडली. याच बाईने चांगली पास झालेली मुलगी पुन्हा आठवीत बसवली होती. का, तर वर्षाने थोराड झाली की वल्हं जोरात मारेल! आमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या पैसेवाल्यांची ही रीतच झाली आहे. माझ्या लहानपणी गिरणीकामगारांची पोरंही गावच्या या नदीत होड्या हाकत. आता काठाला होड्यांच्या खासगी क्लबचं फाटक लागलं आहे.

हॅडलीने फोन बंद केला नाही. "आई, इल्डालाही तिथंच जायचंय. तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मार्क आहेत."

"मग तिनंही वल्हवायचं होतं!"

"कशात बसून? तिचे बाबा क्लबच्या होड्या दुरुस्त करतात. तिला आत कोण घेतंय?"

"पुरे तो मैत्रिणीचा पुळका! रोज पहाटे तुला सरावाला कोण नेत होतं? मीच ना?"

हॅडली फोनकडे वळली. "कोच, मला नको ही जागा. इल्डा मेडेइरोसला द्या."

"अगं वेडे, ती जागा माझ्या संघाची. तू नाही तर यादीतली पुढची."

आणि जागा पुढचीलाच गेली. दोघी मैत्रिणींनी मग रीतसर अर्ज केले. मार्चअखेर इल्डाला नकार आला, हॅडलीलाही.

"तू नाही म्हणालीस, मोठं मन तुझं," इल्डा कडवटपणे म्हणाली. "पण मला काय मिळालं?"

"काही नाही."

"मग गप्प बसू नकोस. तुझे मार्क लिही, माझे लिही, त्या फोनवर काय ठरत होतं ते लिही."

दोघींचं पत्र या आठवड्यात गावच्या वर्तमानपत्रात छापून आलं आहे. क्लबातले लोक म्हणतात, खेळाने शिस्त लागते. लागते ना! अभ्यासात पुढे असलेल्या मुलीला हुसकून तिच्या जागी आपलं लेकरू बसवायचं आणि त्याला गुणवत्ता म्हणायचं, ही कसली शिस्त? मला याची शिसारी येते. माझीही, कारण इतकी वर्षं हे बघून मी गप्प राहिले.

पत्राला पाठिंबा देणाऱ्यांच्या सह्यांसाठी ग्रंथालयात कागद ठेवला आहे. माझी सही झाली. क्लबातल्या एकाही आईबापाची अजून नाही.