आग्नेय कोपऱ्यातली फायरप्लेस

हैदराबादच्या मे महिन्यात, तीन एसी लावलेल्या दिवाणखान्यात उदयला विलायती फायरप्लेस हवी होती. अठराव्या शतकातल्यासारखी, रंगवलेली! पुण्याहून आलेला पैसेवाला माणूस, त्याला कोण काय बोलणार? मी इथल्याच नल्लकुंटा मोहल्ल्यातली सत्यवती, लाकडावर चित्रं रंगवणारी. एका जुन्या छायाचित्रावरून पाच महिने खपले. सागवानावर संगमरवराच्या शिरा काढल्या, फुलांच्या माळा काढल्या आणि मधल्या फळीवर हातात तंतुवाद्य घेतलेली देवी. तिच्या हनुवटीनंच मला अकरा दिवस रडवलं. असं काम माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं, पुढे होईलसंही वाटत नाही.

‘मागे धुराडं नाही, विस्तव घालू नका’ हे मी दहादा बजावलं. दरवेळी तो माझ्या बोलण्याची नक्कल करून हसायचा. डोक्यात जायचा तो माणूस.

वास्तुशांतीला त्यानं मलाही बोलावलं, पाहुण्यांना दाखवायला. गुरुजी अंगणात होमाची तयारी करत होते, तेवढ्यात त्याची बायको मंगला म्हणाली, “फायरप्लेस नेमकी आग्नेयेला आहे, अग्नीच्याच दिशेला. होम तिथेच करू या.”

गुरुजी घुटमळले. मी मात्र ओरडलेच, “नक्को, साहेब! जळून जाईल की सगळं!”

“नक्को म्हणे!” उदय पाहुण्यांकडे बघून हसला. “सत्यवतीबाई, तुमचं काम झालंय. गप्प बसा आता.”

कुंड अंगणातून आणून फायरप्लेसच्या आत सरकवलं. चार आहुत्या पडल्या नाहीत तोच ज्वाळा वर चढली. रंगाला फोड आले, देवीच्या पायाशी फुलं काळी पडली. खोलीभर धूर झाला, पाहुणे खोकत दाराकडे धावले. मी पूजेचा कलश उचलला आणि सगळं पाणी होमावर ओतलं.

मंगलानं किंकाळी फोडली. “होम विझवला! माझ्या घराचा होम विझवला हिनं!”

देवी वाचली होती. तेवढ्यानंच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

उदयनं सुताराला, अनिलला, पुढे बोलावलं. चौकट त्यानंच जोडली होती. “हे अशुभ आता घरात नको. फोड.”

“मी घेऊन जाते, साहेब. मधली फळी तरी द्या.”

“ढलपीसुद्धा मिळणार नाही. फोड, अनिल!”

अनिलनं हातोडा उचलला आणि माझ्याकडे बघत तसाच उभा राहिला. दुसऱ्या कुणी तिला मोडलेलं मला बघवलं नसतं. मी त्याच्या हातून हातोडा घेतला आणि पहिला घाव घातला.