शाबास

विमानतळावर गरुडांना शिकवणाऱ्या मास्तरांनी ठमाबाई या गरुडमादीला एकच धडा दिला होता: ड्रोन पकडायचा, खाली आणायचा आणि "शाबास" ऐकू आलं की सोडायचा.

"तुमची लेक बापासारखीच चिकट आहे हो, मास्तर!" पहारेकरी चिडवायचा.

आज घुसलेल्या ड्रोनची पाती सुरीसारखी होती. तिने झडप घातली आणि पिसं उडाली.

"सोड! अगं, सोड!" मास्तर जिवाच्या आकांताने ओरडले. पण हा शब्द तिच्या ओळखीचाच नव्हता.

ती ड्रोनसकट त्यांच्या पायाशी येऊन पडली. एक पाय लोंबत होता, दुसऱ्याची पकड तशीच घट्ट होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"शाबास, बाई," मास्तर कसेबसे म्हणाले.

तिने लगेच नखं सैल केली. एवढा एक शब्द त्यांना वेळेवर आठवला नव्हता.