रविवारचे चार अ‍ॅव्होकॅडो

फाटकावर नोटीस लागली: शनिवारपर्यंत फळांची टपरी हलवावी. खाली रहिवाशांच्या सह्या. त्यांतली तिसरी वांगेचीची आहे हे पाहून मुहोंजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नैरोबीतल्या या वसाहतीच्या फाटकाशी ती अकरा वर्षं फळं विकत होती. वांगेचीची मुलगी लहानपणी शाळेतून लवकर सुटली की हिच्याच खोक्यावर बसून पपई खायची.

वसाहतीचा सेक्रेटरी म्हणाला होता, एकाने जरी सही मागे घेतली तर विषय पुन्हा बैठकीत घेऊ. म्हणून गुरुवारी संध्याकाळी वांगेची दिसली तेव्हा मुहोंजाने राग गिळला.

"ताई, तेवढी सही मागे घ्या की."

"अगं, ग्रुपवर कागद फिरला. सगळ्यांनी केली, मीही केली. माझ्या एकटीने काय होणार?"

"तुमच्या एकटीनेच होणार आहे!"

"बघते हं. पण रागावू नकोस, फाटक जरा नीटनेटकं नको का दिसायला? रविवारी मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं यायचीत पहिल्यांदा. ते जाऊ दे, चार अ‍ॅव्होकॅडो काढ. रविवारचे."

रविवारचे म्हणे! इथे गिऱ्हाईक फळाला हात लावत नाही. त्याने फक्त फळ कापायचा वार सांगायचा आणि मुहोंजाने देठाशी अंगठा टेकवून त्या वाराचं फळ काढून द्यायचं. सुपरमार्केटात नुसते दगड मिळतात, हे वांगेचीच चारचौघांत सांगायची.

आज मात्र मुहोंजाने मनाशी ठरवलं, हिला आजचेच द्यायचे. रविवारी कापले की आतून काळेठिक्कर निघतील, होणाऱ्या व्याह्यांसमोर नाक कापलं जाईल. बरी अद्दल घडेल. तिने टोपलीत हात घातला. पहिलं मऊ लागलं, ते बाजूला पडलं. दुसरंही पडलं. अंगठा मेला आपल्या सवयीने चाचपत राहिला, आणि पिशवीत गेली ती चार टणक, चोख रविवारची फळं. मुहोंजाला स्वतःच्याच हाताचा असा संताप आला की तो टोपलीवर आपटावासा वाटला.

"फ्रिजमध्ये ठेवू नका," ती खेकसली. "कागदात गुंडाळा."

"गुणाची गं बाई," वांगेची म्हणाली. पिशवी घेऊन निघाली आणि नोटिशीपाशी जाऊन वळली. "आणि हे बघ, जिथे बसशील तिथला पत्ता मला आठवणीने दे हं. तुझ्याशिवाय कोणाचं फळ आमच्याकडे चालत नाही."