वरकड आकार

एल्डन रुओना हा बर्निसबाई कार्वोनेन यांच्या बर्फ-सफाईच्या कंपनीत बिलं बघायचा. सज्जन माणूस, वेळेवर येणारा माणूस, कॉफीचं भांडं कधी रिकामं ठेवून न जाणारा माणूस, असं त्याच्याबद्दल सगळे म्हणायचे. हुशार मात्र कुणी म्हणत नसे, आणि ते त्याला आत कुठेतरी लागायचं.

मिशिगनच्या वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठावर, त्यांचं गाव. बर्निसबाईंचा धंदा अगदी साधा होता. हंगामाची वर्गणी भरा, बर्फ पडला की आमचा ट्रक येऊन तुमची गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी करून जाईल. त्या वर्गणीत नेमकं काय काय येतं, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. बर्फ काढणं म्हणजे बर्फ काढणं, त्यात विचारायचं काय?

मग बाईंनी वर्गणीची बिलं आपोआप पाठवणारं एक सॉफ्टवेअर घेतलं. ते शिकवायला केन्झी नावाची एक तरुण सल्लागार होती. ती डेन्व्हरला बसायची आणि दर मंगळवारी दुपारी एल्डनच्या पडद्यावर उगवायची. पहिल्याच मंगळवारी तिने त्याला सांगितलं, की तुमची वर्गणी म्हणजे नुसता उंबरठा आहे. गिऱ्हाईक आत आलं, की पुढे काय?

"पुढे आम्ही बर्फ काढतो," एल्डन म्हणाला.

"सगळा?"

"सगळा."

केन्झीने क्षणभर डोळे मिटले. कुणाच्या तरी आजारपणाची बातमी ऐकावी तसे.

मग तिने त्याला वरकड आकार समजावून सांगितले. मूळ वर्गणी लहान ठेवायची आणि बाकीचं सगळं सुटं करून तिला जोडायचं. काही आकार ठरावीक, काही नगावर, काही एकदाच घ्यायचे. काहींच्या चौकोनात आधीच खूण करून ठेवायची, नको असेल त्याने ती काढावी. आणि काही सक्तीचे. एल्डनने विचारलं, की जे सक्तीचं आहे ते वरकड कसं? केन्झी प्रेमाने हसली. "पहिल्या आठवड्यात हा प्रश्न सगळेच विचारतात," ती म्हणाली. "नंतर कुणी विचारत नाही."

पाचापेक्षा जास्त वरकड आकार लावायचे असतील, तर त्या सोयीला सॉफ्टवेअर कंपनीचाच एक वरकड आकार होता. बर्निसबाईंनी तोंड वाकडं केलं, पण सही केली.

आणि एल्डनला आयुष्यात पहिल्यांदा आपली कला सापडली. घरासमोरच्या बर्फाकडे आजवर कुणी बघितलं नसेल अशा नजरेने तो बघू लागला. गावाचा मोठा ट्रक रस्ता साफ करताना प्रत्येकाच्या वाटेच्या तोंडाशी बर्फाचा कडक ढीग लोटून जातो. तो ढीग काढणं वेगळं केलं. गाडीपासून दारापर्यंतची पायवाट वेगळी. पायऱ्या वेगळ्या, आणि पायऱ्या नगावर. टपालपेटीसमोरचा तुकडा, बर्फ वितळायला मीठ टाकणं, ट्रकच्या पुढचं पातं अगदी जमिनीला टेकवणं, असं करत करत तो थांबेचना. ऑफिसात फोन केल्यावर यंत्राऐवजी माणसाशी बोलायला मिळणं, हेही त्याने त्यात घातलं. चालकाने जाताना हात करणं हे 'सौजन्य' या नावाखाली गेलं.

बाईंनी यादी वाचली आणि चष्मा काढला. "हात करायचे पैसे?"

"तिथे खूण आधीच केलेली आहे. नको असेल तर काढता येते."

"मग मूळ वर्गणीत उरलं काय?"

एल्डनने नीट विचार केला. "येणं," तो म्हणाला. "ट्रक येतो."

बाईंना ते पटलं नाही. पण हंगामाची पहिली बिलं गेली, आणि खुणा काढायचा कंटाळा करणाऱ्यांची संख्या गावात किती मोठी आहे ते दिसलं, तेव्हा त्यांनी एल्डनसाठी हात टेकायची सोय असलेली खुर्ची मागवली. कुणीतरी त्याला हुशार म्हणालं. तो ते घरी जाऊन बायकोला, मार्लिसला, सांगून आला.

डिसेंबरात सरोवरावरून पहिला मोठा बर्फ आला. प्रत्येक चालकाकडे आता टॅबलेट होता, आणि कुठल्या घराने काय घेतलंय ते त्यावर दिसायचं. ड्वेन टोलोनेन हा त्यांच्यातला सगळ्यांत जुना चालक. एरवी तो सकाळच्या न्याहारीपर्यंत आपला भाग संपवून बसायचा. त्या दिवशी दुपार टळून गेली तरी त्याचा पत्ता नव्हता. परत आला तो थेट एल्डनच्या टेबलापाशी, बुटांना बर्फ तसाच.

"लेका, मला एक सांग," ड्वेन म्हणाला. "एका घराने तोंडाचा ढीग घेतलाय, वाट घेतली नाही. मी ढीग काढून टाकू कुठे?"

"वाटेत," एल्डन म्हणाला. कारण यादीप्रमाणे तेच बरोबर होतं.

ड्वेनने सांगितलं, की सगळा बर्फ ढकलत जायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो दर दहा हातांवर पातं उचलायला, टॅबलेट पुसायला, वाचायला, पुन्हा टेकवायला. डिझेल दुपटीने गेलं होतं. शिवाय ज्यांनी सौजन्य घेतलं नव्हतं, ते ओळखीचे लोक खिडकीतून हात करत होते आणि आपल्याला तोंड फिरवून पुढे जावं लागत होतं. आपल्या चुलतभावाच्या घरासमोरूनही.

एल्डनने 'ढीग व वाट एकत्र' असा एक नवीन आकार तयार केला.

पुढच्या आठवड्यात वर्गण्या रद्द व्हायला लागल्या. गंमत अशी, की त्या विखरून येत नव्हत्या. टॅमरॅक रस्त्यावरचं एक घर गेलं, मग शेजारचं, मग समोरचं, आणि शुक्रवारपर्यंत अख्खा रस्ता. आता टॅमरॅक रस्त्यावर एल्डन स्वतः राहायचा. ही माणसं फावडी घेऊन भल्या पहाटे बर्फ काढताना त्याला कधी दिसली नव्हती. तरी ती वेळेवर कामाला कशी जात होती, हे काही त्याला उमगेना.

त्या शुक्रवारी तो उजेड असतानाच घरी निघाला, आणि त्याला आपल्याच दारात गाडी लावता आली नाही. त्याच्या गॅरेजसमोरची लांब वाट काळीभोर, कोरडी, मीठ टाकून लख्ख केलेली होती. तिच्यावर दोन रांगांत गाड्या उभ्या होत्या. सगळ्या शेजाऱ्यांच्या.

मार्लिस दारात उभी होती.

"हे काय आहे?"

"गाड्या," मार्लिस म्हणाली. "तू कंपनीतला, म्हणून आपल्याला सगळे आकार फुकट. ढीग, मीठ, पायऱ्या, सगळं. अख्ख्या रस्त्यावर पूर्ण साफ होणारी जागा एकच आहे. मग मीच म्हटलं, लावा इथे."

"किती दिवस चाललंय हे?"

"तू पहाटे अंधारात जातोस आणि रात्री उशिरा येतोस. तोवर ते गाड्या गॅरेजच्या मागे सरकवून तुला जागा करतात. आज लवकर आलास."

स्वयंपाकघरात आणखी मोठा धक्का होता. तिथे निम्मा रस्ता बसला होता. टेबलावर कुणाच्या तरी घरच्या, मांस-बटाटे भरलेल्या गरम पास्ट्या होत्या, वेलची घातलेला निसू पाव होता, कॉफी चालू होती. मागच्या अंगणातली वाफेची खोली, साउना, कुणीतरी तापवली होती, आणि दोघे पुरुष टॉवेल गुंडाळून, लाल तोंडांनी, त्याच्याच खुर्च्यांवर बसले होते. खिडकीपाशी लॅम्पीबाई होत्या. त्यांनी एल्डनला शाळेत शिकवलं होतं.

"ये रे एल्डन, बस," त्या म्हणाल्या. "तुझा दरांचा कागद मी दोनदा वाचला. वाटेवर गाडी कुणाची असावी, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस. शाळेतसुद्धा प्रश्न अर्धाच वाचून उत्तर लिहायला घ्यायचास."

लोक हसले, पण वाईट हसले नाहीत. एल्डनला राग आला होता आणि तो उभ्यानेच राहणार होता. मग कुणीतरी त्याच्या हातात पास्टी दिली. ती खायला बसावं लागलं. खाता खाता त्याच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं या घरात राहून आपण इतकी माणसं कधी एकदम पाहिली नव्हती. मार्लिस तर कितीतरी दिवसांत इतकी हसली नव्हती. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटली. तरी त्याच्या डोक्यात 'पाहुण्यांचं वाहन, नगावर' हा आकार आला होताच. तो त्याने पास्टीबरोबर गिळला.

सोमवारी कळलं, की इतर रस्त्यांनीही हीच युक्ती उचलली होती. प्रत्येक रस्त्यावर एक घर सगळं घेत होतं, बाकीचे काहीच घेत नव्हते. बर्निसबाईंनी रद्द झालेल्या वर्गण्या बघितल्या आणि एल्डनला समोर बसवलं. त्या रागावल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं.

"आधी होतं तसं कर," त्या म्हणाल्या. "एक वर्गणी. सगळा बर्फ."

एल्डनने केन्झीला कळवलं. केन्झीने खेदाने सांगितलं, की एकदा बिलात गेलेला आकार पुसता येत नाही. तो नजरेआड ठेवायची सोय आहे, पण ती वरच्या योजनेत येते आणि तिला वेगळा आकार पडतो. त्यावर बाई जे बोलल्या, ते एल्डनने मंगळवारी केन्झीला बरंच गाळून सांगितलं.

शेवटी त्याने एकच जुनी वर्गणी ठेवली, सगळे वरकड आकार सगळ्यांना जोडले आणि प्रत्येकासमोर शून्य टाकलं. लोक परत आले. ट्रक पुन्हा सगळा बर्फ काढू लागले आणि ड्वेन वाटेल त्याला हात करू लागला. फक्त बिल तेवढं दोन पानांचं झालं. पायऱ्या, शून्य. मीठ, शून्य. सौजन्य, शून्य. लोकांनी ते फ्रिजवर लावून ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवलं.

फेब्रुवारीत डेन्व्हरहून पत्र आलं. केन्झीच्या कंपनीच्या आकड्यांनुसार दर गिऱ्हाइकामागे सगळ्यांत जास्त वरकड आकार चालू असलेला धंदा बर्निसबाईंचा ठरला होता. एल्डनला वार्षिक मेळाव्यात बक्षीस होतं, आणि भाषणही. त्याने ते खरं काय ते लिहून नाकारायचं ठरवलं. बाई म्हणाल्या, तिकीट ते देतायत ना, मग जा. खरं तिथे जाऊन सांग.

तो गेला. उसना कोट घालून मोठ्या सभागृहात उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं: ढीग, गाड्या, लॅम्पीबाई, शून्य. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने वहीत 'शून्य' असं लिहून त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या आणि हात वर केला.

"शून्यावर किती दिवस ठेवायचं? आकार चढवायला कधी सुरुवात करणार?"

"चढवणार नाही," एल्डन म्हणाला. "लोक शेजाऱ्याकडे गाडी लावतील."

सभागृहभर पेनं चालू झाली. "म्हणजे शेजारी हाच खरा प्रतिस्पर्धी," मागून कुणीतरी पुटपुटलं, आणि तेही सगळ्यांनी लिहून घेतलं.