निवदातलं पुस्तक

दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर म्हशी पिळून आलेल्या आकारामनं हात पुसले, चष्मा लावला आणि चौथीतल्या लेकीला दिसेल असं सोप्यात बसून पुस्तक उघडलं. तेजस्वी भिंतीकडं तोंड करून मोबाइल सरकवत होती.

"वा! काय लिवलंय बघ!" तो मोठ्यानं म्हणाला.

तिनं मानसुद्धा वळवली नाही.

शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं, पोरीला वाच वाच म्हणू नका, तुम्ही वाचताना तिला दिसा. सांगायला काय जातंय! पुस्तकांशी त्याची कधी सोयरीक नव्हती. भाकऱ्या उरकल्या की संयोगिता लेकीला कुशीत घेऊन वाचायची आणि हा गडी पलीकडं घोरायचा. संयोगिता गेली आणि पोरीनं पुस्तकाला हात लावायचं सोडलं. आई तर गेलीच, आता आईनं लावलेलं एवढं वळणही जातंय की काय, या धास्तीनं त्याचा जीव तुटायचा. म्हणून रोज हे सोंग.

"तेजू, ये की इकडं. तुझ्या आईला लई आवडायची पुस्तकं."

"म्हाईत हाय. म्हणून तर तुमी निवदात ठेवलंसा."

संयोगिताच्या रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या काठावर कावळा शिवता शिवत नव्हता. चहा ठेवला, कांदाभजी ठेवली. पावणं ताटकळलेले. कुणीतरी म्हणालं, तिच्या आवडीचं काय ऱ्हायलंय बघा. तसा हा घरी पळाला आणि तिच्या उशाचं पुस्तक आणून निवदाशेजारी ठेवलं. कावळा शिवला. सगळे सुटले. रक्षेबरोबर पुस्तकही त्यानं पाण्यात सोडलं. बायकोचं मन राखलं, असंच त्याला तेव्हा वाटलं होतं.

"ते आमचं अर्धंच झालतं," तेजस्वी म्हणाली.

"आगं, मग बोलायचं न्हाईस व्हय? उद्याच्या उद्या दुसरं आणतो. नाव सांग."

आता मात्र ती वळली.

"नावबी बघिटलं न्हाईसा?"

आकारामनं हातातलं पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि सरकत तिच्याजवळ जाऊन बसला.

"न्हाय बघिटलं. चुकलं माझं, बाळ. कुठवर आलतं तुमचं? मला सांग तरी."

तिनं मोबाइल पालथा ठेवला.

"एका नावाड्याची पोरगी असती. तिची शेळी हरवती. ती काठाकाठानं हुडकत निघती..."

ती सांगत गेली. मध्येच थांबून त्याच्याकडं बघायची, तशी संयोगिताही बघत असणार. आकाराम या खेपेला जागा राहून ऐकत होता.

"...आन् पल्याडच्या झाडीतनं तिला कुणीतरी हाक मारतंय."

ती थांबली.

"मग?"

"मग आई म्हणाली, आता नीज. पुढचं उद्या."