शेंद्र्याची छपरं

खांद्यावरच्या पट्ट्या, काळ्या कापडावर तीन सोनेरी रेघा, आईनं धुऊन दोरीवर टांगल्या होत्या. एक निळ्या चिमट्यानं, एक तुटक्या पिवळ्यानं. सम्यक चहाचा कप धरून त्या तुटक्या चिमट्याकडेच बघत बसला होता, कारण नजर तिथून हलली की डोक्यात चक्र सुरू व्हायचं. गणवेश धुवायला सांगितलं होतं कुणी? चौकशी संपेपर्यंत घालायचा नाहीच आहे. पण आईचे, सत्यभामेचे, हात रिकामे राहत नाहीत. वैमानिक मुलगा नऊ दिवस घरी बसलाय म्हटल्यावर ती धूतच सुटली होती... पडदे, चादरी, आता हे.

सकाळी कॅप्टनचा फोन येऊन गेला होता. "मी लिहून दिलंय, धावपट्टी मीच ओळखली म्हणून. तू एवढंच लिही की तुला शंका आली नाही. माझे निवृत्तीला सहा महिने राहिलेत, सम्यक, तुझी अख्खी नोकरी पडली आहे. पाचच्या आत जबाब पाठव." आणि फोन बंद, आभार मानायलाही जागा न ठेवता. भला माणूस. पण भल्या माणसाला अर्धंच ठाऊक होतं.

हैदराबादहून निघालेलं विमान, स्वच्छ दुपार, म्हणून यंत्रांवर न विसंबता नजरेनंच पट्टी हेरून उतरायचं ठरलं होतं. खाली जालना रोड दिसू लागला तेव्हा कॅप्टन हसून म्हणाले होते, "तुझं गाव. तू सांग." आणि समोर पट्टी दिसताच ह्या शहाण्यानं सांगितलंही, "हीच, सर. डोळे मिटून सांगतो." ती निघाली करमाडच्या पलीकडची, शिकाऊ विमानांसाठी कधीकाळी बांधलेली, आखूड. विमान थांबलं तेव्हा पुढं दोन एस्ट्या मावतील एवढंच डांबर उरलं होतं. एकशे बारा माणसं सुखरूप उतरली आणि ज्वारीच्या रानातून चालत रस्त्याला लागली. त्या गोंधळात विमानाची वीज चालूच राहिली आणि कॉकपिटमधल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग, त्यावरच नवं रेकॉर्ड होत राहून, पुसलं गेलं. म्हणजे कोण काय बोललं, हे आता दोघांनाच माहीत.

आणि एक गोष्ट एकट्यालाच... चाकं टेकायच्या आधी, किती असतील, वीस सेकंद?, शेंद्र्याच्या कारखान्यांची निळी छपरं त्याला पट्टीच्या पुढं दिसली होती. ती मागं पडायला हवी होती. पूर्वेकडून येताना आधी शेंद्रा, मग विमानतळ; हे त्याला कुठल्या नकाशानं शिकवलं नव्हतं, बाबांनी तिथल्याच एका कंपनीत पंधरा वर्षं काढली होती. दिसलं, कळलं, आणि दातखीळ बसली. विमान वर घ्यायला वेळ होता. दोन शब्द पुरले असते. पण आत्ताच तर छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि घरची वाट कुणी चुकतं का? कॉलनीतला पहिला वैमानिक, चौकात फ्लेक्स, विहारात सत्कार, जो उठेल तो भाषणात म्हणतोय, ह्याला लहानपणापासून सगळं येतं... मला सगळं येतं. मला नेहमीच सगळं येत होतं. आणि त्यापायी मी एकशे बारा माणसं पणाला लावली.

"आरं, च्याचं पाणी झालं की," सत्यभामा म्हणाली. "लई इचार करू नको. तुझं काय चुकलं त्यात?"

"गाडी डायव्हर चालवतो, कंडक्टर नाय," त्याच्या बाबांनी, पुंडलिकनं, बूट चढवता चढवता निकाल देऊन टाकला. "चल, बघून येऊ."

"काय?"

"इमान! अख्खा गारखेडा जाऊन आला. रसाच्या गाड्या लागल्यात म्हणं तिथं. आपल्या घरचं इमान आन् आपणच नाय बघितलं, व्हय?"

एवढ्याशा पट्टीवरून ते परत उडवायचं कसं, हे अजून कुणाला ठरवता येत नव्हतं. तोवर लोकांची जत्रा. नको म्हणायला कारण सापडेना, म्हणून सम्यक स्कूटरवर मागं बसला. बाबांची ती रुंद पाठ... ह्याच पाठीला धरून तो शाळेत जायचा, आणि नवीन रस्ता लागला की बाबा चौकात थांबून कुणालाही खुशाल विचारायचे, "भाऊ, इकडून जाता येतंय का?" तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तो दप्तराआड तोंड लपवायचा.

शेंद्रा आलं. जमिनीवरून छपरं निळी नव्हतीच, धुळीनं राखाडी झाली होती.

"ही आपली कंपनी," पुंडलिकनं सवयीनं हात केला.

"बाबा, मला दिसली होती ती."

"काय?"

"छपरं. वरून, चाकं टेकायच्या आधी. पट्टी चुकली हे मला कळलं होतं, मी बोललो नाही. आणि ती पट्टीही मीच दाखवली होती, कॅप्टननं नाही."

पुंडलिकनं स्कूटर कडेला घेतली. एक ट्रक गेला, मग दुसरा. ते ओरडतील, हे कुठं बोलू नको म्हणतील, अशी तयारी सम्यकनं केली होती. त्यांनी नुसतं हेल्मेट काढलं.

"बोलला का नाय मंग?"

"लाज वाटली."

"कुणाची?"

ह्याचं उत्तर त्यानं नऊ दिवसांत शोधलंच नव्हतं. कॅप्टन तर परका माणूस.

"आता ते सायेब काय म्हणत्यात?"

"शंका आली नाही असं लिही म्हणतात. तसं लिहिलं तर मी परत उडेन. खरं लिहिलं तर माझं संपलं, आणि तेही खोटे ठरतील."

पुंडलिकनं हेल्मेट घातलं, पट्टा लावला. पुढं करमाड होतं, मागं घर.

"मंग? कुठं घेऊ?"

"माहीत नाही, बाबा," सम्यक म्हणाला. पाच वाजायचे होतेच. पण हे वाक्य तोंडातून असं मोठ्यानं कधी बाहेर पडलं होतं, ते त्याला आठवेना... आणि आता लाज वाटेल, मग वाटेल, म्हणून तो वाट बघत बसून राहिला. ती काही येईना.